फोडणी पडली की बोंबलणारा स्मोक अलार्म: आधी उपाय, मग नवी खरेदी

लक्षणं सगळ्यांची सारखीच. सकाळी डब्याच्या गडबडीत कढईत मोहरी तडतडते, मिरच्या पडतात आणि पॅसेजमधला अलार्म कानठळ्या बसवायला लागतो. एक जण स्टुलावर चढून टॉवेल हलवतो, दुसरा खिडक्या उघडतो, आणि ऑफिसला निघालेल्या तिसऱ्याच्या फोनवर लोकलमध्ये ‘घरात धूर आढळला’ अशी सूचना येऊन पोटात गोळा उठतो. असं पाच-सहा वेळा झालं की अलार्म छतावरून उतरतो आणि सेल काढून टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये जातो. मग दोन महिन्यांनी प्रश्न येतो: ‘यापेक्षा चांगला कोणता?’

माझ्या मते खरा बिघाड म्हणजे अलार्म ड्रॉवरमध्ये जाणं. घरच्यांना काढून टाकावासा वाटणार नाही, तो अलार्म चांगला. अॅप, दिवे, आवाजातल्या सूचना हे सगळं त्याच्यानंतर. म्हणून नवा मागवण्याआधी जुना का वाजतो ते शोधू. पुष्कळदा नवीन घ्यायची वेळच येत नाही.

आधी नेमका कोणता आवाज येतो ते ऐका

तीन बीप, थोडा थांबा, पुन्हा तीन बीप, ही धुराची खूण. अलार्म धूर आणि कार्बन मोनॉक्साइड (अर्धवट जळणातून तयार होणारा विषारी वायू) दोन्हींचा असेल, तर चार झटपट बीप आणि थांबा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. ही पद्धत अमेरिकेतल्या नियमांतून आली आहे. आपल्याकडे ऑनलाइन मिळणारे बरेच स्वस्त अलार्म सलगच किंचाळतात, त्यामुळे सोबतचा कागद एकदा वाचून घ्या. दर अर्ध्या-एक मिनिटाला एकच बारीक ‘चुक्’ येत असेल तर धुराचा काही संबंध नाही. सेल उतरलाय, आत बिघाड आहे किंवा अलार्मचं आयुष्य संपलंय.

दुसरं म्हणजे वेळ बघा. स्मार्ट अलार्मचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा अॅपमधली जुनी नोंद हाच आहे, आणि ती कोणी उघडत नाही. आठवड्याभराची नोंद पाहिली की चोर सापडतो. रोज सकाळी आठच्या आसपास असेल तर स्वयंपाक, संध्याकाळी दिवेलागणीला असेल तर देवघर, आंघोळीच्या वेळेला असेल तर गीझरची वाफ, पहाटे तीन-चारला बारीक चुकचुक असेल तर सेल.

डबीच्या आत काय चालतं

अलार्म एकदा खाली उतरवून नीट बघा. वरच्या झाकणाआड काळ्या प्लॅस्टिकची, आडव्यातिडव्या पाकळ्यांची गोल डबी असते आणि तिच्याभोवती बारीक जाळी. पाकळ्या अशा वळवलेल्या असतात की हवा आत शिरते, बाहेरचा उजेड शिरत नाही. आत एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि तिच्याशी कोन करून बसवलेला फोटोडायोड, म्हणजे उजेड ओळखणारा सेन्सर. एलईडीचा उजेड सरळ फोटोडायोडवर पडत नाही. धुराचे कण आत आले की उजेड त्यांच्यावरून विखुरतो, त्यातला थोडासा फोटोडायोडपर्यंत पोचतो, आणि ठरलेली पातळी ओलांडली की भोंगा वाजतो. हा झाला फोटोइलेक्ट्रिक प्रकार.

म्हणजे या डबीला आग कळत नाही, उजेड विखुरणारं काहीतरी हवेत आहे एवढंच कळतं. तेलाची वाफ, कुकरची वाफ, पीओपीची धूळ किंवा आत शिरलेली मुंगी तिला सारखीच. काही नव्या अलार्ममध्ये दोन वेगळ्या रंगांचा उजेड वापरून कण केवढे आहेत याचा अंदाज घेतात आणि वाफ व धूर वेगळे काढायचा प्रयत्न करतात. याचा फरक खरोखर पडतो. स्मार्ट म्हणून जादा पैसे मोजायचेच असतील तर ते अॅपसाठी मोजण्यापेक्षा याच्यासाठी मोजा.

दुसरा प्रकार आयोनायझेशनचा. त्यात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अगदी सूक्ष्म अंश असतो. भडकलेली आग तो लवकर पकडतो, पण गादी किंवा सोफा ज्वाळेशिवाय धुमसत असेल तर उशीर करतो. आणि तापलेल्या तेलातून उठणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण त्याला फार लवकर लागतात, त्यामुळे आपल्या स्वयंपाकघराजवळ त्याचं काही खरं नाही. भारतात घरगुती वापरासाठी हा क्वचितच दिसतो, पण अमेरिकेतून येताना कोणी प्रेमाने आणलेल्या डब्यात निघू शकतो. मागच्या बाजूला किरणोत्सर्गाचा उल्लेख असेल तर तो हाच. उघडून बघायचा प्रयत्न करू नका.

स्वयंपाकघर: नव्वद टक्के भांडणं इथली

अमेरिकेतल्या एनएफपीए ७२ या आगीच्या अलार्मविषयीच्या संहितेत शेगडीपासून १० फूट, म्हणजे साधारण ३ मीटर, अंतर सोडायला सांगितलंय, आणि १० ते २० फुटांच्या पट्ट्यात लावायचा तर खोट्या गजराला आवर घालणारा लावा असं सुचवलंय. कागदावर छान आहे. मुंबईतल्या वन बीएचकेमध्ये शेगडीपासून ३ मीटर मोजले की आपण हॉलच्या मध्यावर, पंख्याच्या खाली येतो. आणि पंख्याच्या पात्याच्या टोकापासूनही ३ फूट लांब राहायचं असतं, नाहीतर वारा धूर अलार्मपर्यंत पोचूच देत नाही. आपल्याकडे पंखा बारा महिने चालतो, त्यामुळे हा नियम विसरून चालत नाही.

अशा घरात बेडरूमच्या दारापाशी, झोपणारी माणसं आणि स्वयंपाकघर यांच्या मधे, पण शेगडीपासून जितकं लांब जमेल तितकं, ही जागा बरी. छतावर लावलेला उत्तम. भिंतीवरच लावायचा तर छतापासून ४ ते १२ इंच खाली. छत आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात हवा खेळत नाही. फॉल्स सीलिंगच्या लाइटच्या खाचेत लपवायचा आग्रह इंटिरियरवाले धरतात. तिथे धूर उशिरा पोचतो. दिसला तर दिसला.

स्वयंपाकघराच्या आत स्मोक अलार्म नकोच. तिथे हीट अलार्म लावा. तो धुराकडे बघत नाही, तापमान बघतो, आणि साधारण ५७-५८ अंश सेल्सियसच्या आसपास वाजतो. फोडणी, भरिताचं वांगं, पापड, काहीही भाजा, तो गप्प राहतो. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर मात्र वाजतो. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घराला हेच लागू आहे: स्वयंपाकघरात हीट अलार्म, बसायच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये स्मोक अलार्म, आणि सगळे एकमेकांना जोडलेले. एडिंबरा-ग्लासगोकडे राहणाऱ्या मंडळींना हे माहीत असेलच. आपल्याकडे घरात असं काही सक्तीचं नाही, पण मांडणी उचलण्यासारखी आहे.

जागा बदलता येत नसेल तर हवा बदला. चिमणी तेल तापवायच्या आधी सुरू करा, धूर झाल्यावर नाही. तुमची चिमणी पाइपने बाहेर धूर सोडणारी आहे की कोळशाच्या फिल्टरमधून हवा घरातच परत सोडणारी, ते बघा. दुसऱ्या प्रकाराने वास कमी होतो, पण गरम दमट हवा घरातच फिरते. पश्चिमेला खिडकी असलेल्या स्वयंपाकघरात पावसाळ्यात एक वेगळाच खेळ होतो. वारा खिडकीतून आत येतो आणि सगळा धूर ढकलत पॅसेजमध्ये नेतो. उन्हाळाभर शहाण्यासारखा वागणारा अलार्म जूनमध्ये अचानक बिघडला अशी तक्रार असेल, तर आधी ती खिडकी अर्धी लोटून बघा.

आणि भिंतीला भोक पाडायच्या आधी अलार्म आठवडाभर दुहेरी टेपने तात्पुरता चिकटवून पाहा. त्या आठवड्यात घरातला सगळ्यात धुराळ पदार्थ मुद्दाम करा. कोकणातल्या घरी सुकट भाजा, देशावर ठेचा करा. तिथे टिकला की मग ड्रिल. कायमचा मात्र स्क्रूनेच बसवा. टेप पावसाळ्यात सुटते आणि अलार्म रात्री डोक्यावर येतो.

जाता जाता अमेरिकेतली एक गंमत. तिथल्या यूएल २१७ या स्मोक अलार्मच्या मानकाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत अलार्मची एक परीक्षा अशी आहे की शेजारी हॅम्बर्गर भाजले जात असताना त्याने लगेच वाजता कामा नये, आणि सोफ्यातला फोम जळायला लागला तर मात्र वाजलंच पाहिजे. हॅम्बर्गर पास झालेला अलार्म सुकटीतही पास होईल याची हमी नाही, पण खोक्यावर या मानकाची नवी आवृत्ती लिहिलेली असेल तर तो त्या दृष्टीने निदान तपासलेला आहे. युरोपातल्या अलार्मवर तिथलं मानक, ईएन १४६०४, शोधा. यातलं काहीच नसेल आणि फक्त ‘हाय सेन्सिटिव्ह’ एवढंच छापलं असेल तर तो घरात त्रासच देणार.

देवघर, धूप आणि डासांची कॉइल

इथे अलार्मला दोष देता येत नाही. उदबत्तीचा आणि धुपाचा धूर हा खराखुरा धूर आहे. संध्याकाळी गुग्गुळ घालून धूपदाणी घरभर फिरवायची पद्धत असेल, तर अलार्मखालून जाताना तो वाजणारच. गणपतीचे दिवस, आरतीचा कापूर, बंद खिडक्या आणि हॉलमध्ये तीस माणसं असं असताना तर हमखास.

यावर उपाय ‘हश’ बटणाचा. बऱ्याच अलार्मवर ते दाबलं की आठ-दहा मिनिटं संवेदनशीलता कमी होते आणि नंतर आपोआप पूर्ववत होते. आरतीला उभं राहण्याआधी दाबा. दहा दिवस सेल काढून ठेवू नका. कारण नवरात्रातला अखंड दिवा किंवा गणपतीपुढची समई सगळे झोपल्यावरही जळत असते, शेजारी पडदा, मखराचा थर्माकोल किंवा कापड असतं. वर्षात अलार्मची खरी गरज ज्या रात्री असते त्या याच.

डासांची कॉइल खाटेखाली लावायची सवय असेल तर अलार्मच्या खालची खाट टाळा. झुरळांचा स्प्रे आणि पेस्ट कंट्रोलची फवारणी यांचे कण डबीत जाऊन बसतात. त्या दिवशी अलार्मवर प्लॅस्टिक पिशवी बांधा आणि संध्याकाळी आठवणीने काढा. हेच फर्निचरचं किंवा टाइल्सचं काम निघेल तेव्हा. याच्या उलट तक्रारही येते: ‘अलार्म कधीच वाजत नाही.’ बघितलं तर नवीन असताना लावलेली रंगीत टोपी तशीच, किंवा सुतारांनी गुंडाळलेलं प्लॅस्टिक तसंच.

पावसाळा

बहुतेक अलार्म सुमारे ९३ टक्के आर्द्रतेपर्यंत चालतात असं लिहिलेलं असतं, आणि अट अशी की पाणी धरता कामा नये. कोकणपट्टीत जुलैमध्ये ही मर्यादा दाराशीच उभी असते. बाथरूमच्या दारापासून किमान ३ फूट लांब हा नियम पाळला तर आंघोळीच्या वाफेचा प्रश्न बहुतेक मिटतो.

एसीच्या खोलीत मात्र एक प्रकार असतो जो पटकन ध्यानात येत नाही. रात्रभर एसीच्या थेट झोतात अलार्मचं प्लॅस्टिक गार पडतं. सकाळी एसी बंद करून खिडकी उघडली की बाहेरची दमट हवा त्या गार डबीवर येते आणि आत पाणी धरतं, चष्म्यावर धरतं तसंच. सकाळी सात वाजता, स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी वाजणाऱ्या अलार्मचं कारण अनेकदा हेच असतं. एसीच्या झोतातून तो बाजूला घ्या.

पहिल्या पावसानंतर उजेडावर येणारे पंखवाले किडे ट्यूबलाइटभोवती जमतात आणि बारीक चिलटं जाळीतून आत जातात. ट्यूबलाइटला लागून अलार्म नको. महिन्यातून एकदा व्हॅक्यूम क्लीनरचं मऊ ब्रशवालं तोंड जाळीभोवती फिरवा. व्हॅक्यूम नसेल तर रंगाचा कोरडा, नवा ब्रश चालतो. पाणी, साबण, कॉलिन काही नको. जाळीवर बोट फिरवून चिकट लागलं तर तो तेलाचा थर आहे. तो झाडून जात नाही आणि पुसून डबी पूर्ववत होत नाही, त्या अलार्मचा निरोप घ्यायचा.

रात्री तीनची चुकचुक

पुणे-नाशिककडे डिसेंबरात ही तक्रार वाढते. उतरत चाललेल्या सेलचं व्होल्टेज गारठ्यात आणखी खाली येतं, पहाटे घर सगळ्यात गार असतं, त्याच वेळी अलार्म सेल तपासतो आणि चुकचुकतो. सकाळी ऊन आलं की गप्प होतो, म्हणून माणूस म्हणतो ‘झालं बरं’. झालेलं नसतं. सेल बदला.

बदलताना आत जो प्रकार छापलाय तोच घाला. रिचार्जेबल नको, घड्याळात घालतो तो साधा स्वस्त सेल नको. वाय-फायचे अलार्म बऱ्याचदा सीआर१२३ए हा ३ व्होल्टचा लिथियम सेल वापरतात. तो कोपऱ्यावरच्या किराण्याच्या दुकानात मिळत नाही, कॅमेऱ्याच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. जादा एक घरात ठेवा. सेल काढल्यावर टेस्ट बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जातो आणि नवा सेल घातल्यावरही चालू राहिलेली चुकचुक बहुधा थांबते.

तरीही थांबली नाही तर मागची तारीख बघा. स्मोक अलार्मचं आयुष्य साधारण १० वर्षं धरतात, आणि ती बनवल्याच्या तारखेपासून मोजायची, बसवल्यापासून नाही. कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर बऱ्याचदा त्याआधीच संपतो. ऑनलाइन मागवलेला नवाकोरा अलार्म खोक्यातून काढला की आधी ही तारीख वाचा. गोदामात दोन वर्षं पडून आलेला असेल तर परत करा.

तपासायला टेस्ट बटणच वापरा. उदबत्ती खाली धरून बघायची खोड आपल्याकडे सगळ्यांना आहे. तिची राख आणि तेलकट अंश डबीत जातात, त्यापेक्षा तपासणीचा खास स्प्रे मिळतो तो वापरावा.

अॅप म्हणतं ‘ऑफलाइन’

इथे थोडं स्पष्ट बोलतो. सेलवर चालणारा वाय-फाय अलार्म बहुतेक वेळ झोपलेला असतो. सेल वाचवायला तो अधूनमधून जागा होऊन राउटरला हजेरी देतो, त्यामुळे अॅपमध्ये ‘शेवटचा संपर्क सहा तासांपूर्वी’ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. दोन दिवस दिसला नाही तर मात्र बघा. हे अलार्म जवळपास सगळे वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावरच चालतात. राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ एकाच नावाखाली ठेवले असतील आणि जोडणी होत नसेल, तर तेवढ्यापुरती दोन नावं वेगळी करा.

मुख्य अडचण वेगळीच आहे. शॉर्ट सर्किटने आग लागली की एमसीबी, म्हणजे मीटरजवळचा आपोआप वीज तोडणारा खटका, पडतो. एमसीबी पडला की राउटर बंद. राउटर बंद की अॅपला काहीच कळत नाही. नेमक्या ज्या आगीची भीती असते तिच्यातच फोनवर सूचना येण्याची शक्यता सगळ्यात कमी. म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावा; लोडशेडिंगच्या भागात तो तसाही हवाच. झिगबी या बिनतारी पद्धतीने स्मार्ट उपकरणं जोडणारा हब असेल तर तोही त्याच यूपीएसवर घ्या.

म्हणून अलार्म निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारतो: वाय-फाय आणि वीज दोन्ही गेल्यावर हे अलार्म एकमेकांना जागं करतात का? आपसात थेट रेडिओने जोडले जाणारे अलार्म मिळतात. हॉलमधल्याला धूर लागला की बेडरूममधलाही वाजतो, मधे राउटर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. असे तीन साधे अलार्म मला एका महागड्या स्मार्ट अलार्मपेक्षा जास्त आवडतात. दोन्ही गुण एकत्र मिळाले तर सोन्याहून पिवळं. मॅटर या स्मार्ट उपकरणांच्या सामाईक मानकात ऑक्टोबर २०२३ च्या १.२ आवृत्तीपासून स्मोक अलार्म आले आहेत, त्यामुळे पुढे-मागे फोनची कंपनी बदलली तरी अलार्म बदलायला लागू नये अशी आशा ठेवता येते.

फोनकडेही बघा. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला अॅपला झोपवतात. सेटिंगमध्ये जाऊन त्या अॅपला ‘ऑटोस्टार्ट’ द्या, बॅटरीची मर्यादा काढा आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून सूट द्या. मग टेस्ट बटण दाबून फोन खरंच वाजतो का ते पाहा. काही अलार्म चाचणीची सूचना फोनला पाठवतच नाहीत, हेही आधीच समजून घ्या.

आई-वडील पुण्यात आणि मुलगा न्यू जर्सीत, सूचना मुलाच्या फोनवर. आपली सकाळ ती त्याची रात्र. अॅपमध्ये कुटुंब किंवा सदस्य जोडायची सोय असते, तिथे शेजारच्या काकांचा किंवा सोसायटीतल्या एखाद्या विश्वासू माणसाचा फोन आधी जोडा. अलार्म स्वतःहून १०१ किंवा ११२ ला फोन करत नाही. आणखी एक. या भोंग्यांचा आवाज फार वरच्या पट्टीतला असतो, वय वाढलं की नेमकी तीच पट्टी कमी ऐकू येते, शिवाय रात्री कानातलं यंत्र काढून ठेवलेलं असतं. ५२० हर्ट्झच्या खालच्या पट्टीत वाजणारे अलार्म बनतात. आजी-आजोबा एकटे राहत असतील तर ते शोधायचे कष्ट घ्या.

अमेरिकेतून आणायचा म्हणत असाल तर

तारेवर चालणारा नको. तो १२० व्होल्टसाठी बनवलेला असतो आणि आपल्या २३० व्होल्टवर जळेल. सेलवरचा चालतो, पण त्याचं अॅप भारतातल्या खात्यावर सुरू होतं का ते आणण्याआधीच विचारा.

गुगलच्या नेस्ट प्रोटेक्ट या स्मार्ट अलार्मबद्दल अजूनही विचारणा होते. २०१३ मध्ये आलेला हा अलार्म भोंगा वाजवायच्या आधी कोणत्या खोलीत काय झालंय ते बोलून सांगायचा, आणि खोट्या गजराचा वैताग त्याने खरोखरच कमी केला. पण २०१४ च्या एप्रिलमध्ये कंपनीला त्याची विक्री थांबवावी लागली होती. हात हलवून गप्प करायची सोय त्यात होती, आणि खऱ्या आगीत जवळपासच्या हालचालींमुळेही तो गप्प बसू शकेल असं लक्षात आलं. ती सोय बंद करण्यात आली. २०२५ मध्ये गुगलने त्याचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. आहेत ते मुदत संपेपर्यंत वापरा, जुना साठा मात्र शोधत बसू नका. त्या प्रकरणातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: गप्प करणं सोपं हवं, पण चुकून होण्याइतकं सोपं नको. घराबाहेर बसून अॅपमधून कोणीही, काहीही न बघता गजर बंद करू शकत असेल, तर ती सोय सेटिंगमध्ये जाऊन काढून टाका.

गॅसचं काय

स्मोक अलार्मला गॅसची गळती कळत नाही. वेगळा डिटेक्टर लागतो, आणि त्याची उंची गॅसवर ठरते. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून डिटेक्टर जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर. पाइपने येणारा गॅस मिथेन, हवेपेक्षा हलका, म्हणून डिटेक्टर छताजवळ. सिलिंडर सोडून पाइपलाइन घेतलेल्या कितीतरी घरांत डिटेक्टर अजून खालीच लावलेला दिसतो.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चैनीत मोडत नाही. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि बंद बाथरूममध्ये त्याने आपल्याकडे जीव गेलेले आहेत. अलार्म बाथरूमच्या बाहेर लावा, आत वाफेने खराब होतो. त्याहीआधी गीझर बाहेरच्या बाल्कनीत हलवा.

सोसायटीचा डिटेक्टर आणि आपला

नव्या इमारतींत लॉबीत, कधी घरातही, मुख्य पॅनेलला जोडलेले डिटेक्टर असतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली सोसायटीला दर जानेवारीत आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्या डिटेक्टरला हात लावू नका, रंग देऊ नका, इंटिरियरच्या कामात कापू देऊ नका. आपला अलार्म त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही.

घेताना शेवटी एक जागा आवर्जून धरा. हल्ली इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून वर घरात आणतात आणि रात्रभर दाराजवळ चार्जिंगला लावतात, म्हणजे पळायची वाट तिथेच बंद. बॅटरी दारापासून आणि झोपायच्या खोल्यांपासून लांब, शक्यतो जागेपणी चार्ज करा, आणि एक अलार्म त्याच खोलीच्या छताला. अॅपमध्ये त्याला ‘डिव्हाइस ३’ असं राहू देऊ नका. ‘स्कूटर बॅटरी’ असं नाव द्या, म्हणजे सूचना आल्यावर कोणत्या खोलीत जायचं नाही ते वाचता क्षणी कळेल.